नागपुरातलं १९७४ चं बैठं घर: एसी, सोलर की आधी गच्ची?

तर्रीपोहे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आई-बाबांचं नागपुरातलं घर आहे, १९७४ सालचं. जुन्या ले-आउटमधलं, बैठं, जेमतेम सहाशे चौरस फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, पुढे कवेलूची ओसरी. भिंती नऊ इंची विटांच्या, वर चार इंची स्लॅब, त्यावर नंतर कधीतरी घातलेला कोबा. तो आता ठिकठिकाणी पोकळ वाजतो आणि पावसाळ्यात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते. घराचं तोंड पश्चिमेला. दक्षिणेला मोठा कडुनिंब. खिडक्या सागवानी, दोन पाखांच्या, गज लावलेल्या.

बाबा पंचाहत्तरीचे, आईला बीपी. एप्रिल-मेमध्ये दुपार कूलरवर निभते, पण रात्री अकरापर्यंत स्लॅब आग ओकत असतो. फ्लॅटमध्ये जायला दोघंही तयार नाहीत आणि घर बिल्डरच्या घशात घालायची माझी इच्छा नाही.

हाताशी तीन लाख आहेत. सल्ले मात्र पोत्याने मिळाले. ठेकेदार म्हणतो गच्चीवर पत्र्याचं शेड मारा. दुसरा म्हणतो आतून थर्मोकोलचं फॉल्स सीलिंग करा. खिडकीवाला सगळ्या खिडक्या उचकटून यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या बसवायला निघालाय. मामेभाऊ म्हणतो, "सोलर टाक, दोन एसी लाव, बिल शून्य." सगळं करायचं तर सहा-सात लाख कुठेच गेले नाहीत.

आधी काय करू? आणि काय अजिबात करू नको?

थंडा_थंडा

दीड टनाचा एसी घ्या, विषय संपला. धागा बंद करा.

मीटरमन

@थंडा_थंडा, विषय तिथे सुरू होतो. हिशेब मांडतो, ढोबळ आहे, पण दिशा कळेल.

सहाशे चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर गच्ची. चार इंच काँक्रीट आणि वर चार इंच कोबा असेल तर बाहेरचा पृष्ठभाग आणि आतली हवा यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला, दर चौरस मीटरमधून साधारण २.८ वॉट उष्णता खाली येते. मे महिन्यात काळवंडलेला कोबा सहज ६० अंशांवर जातो. खोलीत ३४ धरा. फरक २६. गुणाकार केला की जवळपास ४ किलोवॉट. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकणारं यंत्र, दीड टनाचा सव्वापाचच्या आसपास. म्हणजे तुमच्या दीड टनातला तीन चतुर्थांश एसी फक्त गच्चीतून येणारी उष्णता परत बाहेर टाकण्यात जाणार. भिंती, माणसं, फ्रीज, स्वयंपाक अजून मोजलेच नाहीत.

आता तीच गच्ची पांढरी केली, पृष्ठभाग ४२ वर आला, तर फरक ८. उष्णता सव्वा किलोवॉट. रंग न बदलता नुसता दोन इंची एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोमचा हलका बोर्ड) घातला तर ०.७ किलोवॉट. दोन्ही केलं तर पाव किलोवॉटपेक्षा कमी.

हा ऐन दुपारचा आकडा आहे. प्रत्यक्षात स्लॅब तापायला तीन-चार तास घेतो, म्हणून दुपारी एकचं ऊन तुम्हाला संध्याकाळी पाचला खाली जाणवतं आणि तापलेली काँक्रीट पुढे कितीतरी वेळ ती उष्णता सोडत राहते. तुमचे रात्रीचे अकरा इथून येतात.

कडक_उन्हाळा

मीटरमन यांना +१. त्यात भर घालतो. नागपूर एकवीस अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास तिथे शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा गच्चीवर. आणि मग तीन ते सहा पश्चिमेच्या भिंतीवर. बैठ्या घरात शत्रू दोनच: छप्पर आणि पश्चिम. बाकी सगळं नंतर.

तर्रीपोहे

मीटरमन, हे असं कुणी मांडून दाखवलंच नव्हतं. पण मग कोब्याला आमच्याकडे सगळे "हीटप्रूफिंग" म्हणतात ते काय?

पोपडे

मी जुन्या इमारतींची दुरुस्ती करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विटांच्या तुकड्यांचा कोबा हा मुळात उतार देण्यासाठी आणि पाणी अडवण्यासाठी. त्याने उष्णता थोडी लांबते, थांबत नाही. आणि तो जड असतो. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात. तुमच्या गच्चीवर आज दहा-अकरा टन ओझं नुसतं कोब्याचं आहे, आणि पोकळ वाजतोय म्हणजे पावसाळ्यात त्यात पाणी साठतंय, ते वजन वेगळं. जुना कोबा गळतो म्हणून त्याच्यावर नवा कोबा घालणारे ठेकेदार गल्लोगल्ली आहेत. तुमच्या पन्नास वर्षांच्या चार इंची स्लॅबवर ते कुणालाही करू देऊ नका.

पहिलं काम रंगाचं नाही, तपासणीचं. खालून स्लॅबवर हातोडी मारून बघा. बद्द आवाज येतोय का, सळईच्या रेषेत तडा गेलाय का, गंजाचा तांबूस डाग दिसतोय का. ओल येणाऱ्या कोपऱ्यात तर गिलावा थोडा काढूनच बघा. सळई फुगली असेल तर आधी ती साफ करून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती. हे झाल्याशिवाय वर काहीही केलं तरी पैसा पाण्यात.

मग कोबा काढायचा. ब्रेकर लावू नका, छिन्नी-हातोडीने माणसं लावून काढा. वेळ लागतो, पण जुना स्लॅब हादऱ्याने तडकत नाही. आणि काढलेला माल गच्चीच्या मध्यभागी ढीग करून ठेवू देऊ नका, काढला की लगेच खाली.

मग वरून हे थर: स्लॅब स्वच्छ, तडे भरलेले. उतार हलक्या थराने. त्यावर वॉटरप्रूफिंग, ते पॅरापेटच्या भिंतीवर फूटभर चढवून. पाणी अठ्ठेचाळीस तास कोंडून गळतीची परीक्षा. मग दोन इंची एक्सपीएस बोर्ड, सांधे घट्ट. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी घालून दीड-दोन इंची काँक्रीट, त्यात मध्ये मध्ये सांधे सोडलेले. सगळ्यात वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. एकूण वजन जुन्या कोब्याच्या खाली राहतं आणि वॉटरप्रूफिंग उन्हापासून झाकलं जातं, त्यामुळे टिकतं.

मीटरमन

पोपडे यांच्या थरांना जोडून: केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू (दर अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा) जास्तीत जास्त १.२ असावी असं आहे. ती मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामांसाठी आहे, तुमच्या घराला लागू नाही. पण अंदाज यावा म्हणून सांगतो: तुमचं आजचं छप्पर अडीचच्या पुढेमागे आणि वरचे थर घातल्यावर अर्ध्याच्या आसपास. म्हणजे नव्या टॉवरपेक्षा चांगलं.

गल्लीतला_काका

काय करून राहिले भाऊ तुम्ही! एक्सपीएस न् जिओटेक्स्टाइल न् काय काय. आम्ही दर मार्चमध्ये चुना कालवतो, त्यात थोडा फेविकॉल टाकतो, झाडूनं गच्चीवर मारतो. दोन हात. हजार-दीड हजारात काम. खोली चांगली थंड राहते. पावसात धुऊन जाते तर जाऊ द्या, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा.

पोपडे

काका, तुमच्याशी भांडण नाही. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा चुन्याचाच. मीटरमन यांचा हिशेब परत बघा: चारवरून सव्वा किलोवॉट ही मोठी उडी निव्वळ पांढरेपणाने मिळते, पुढचा एक किलोवॉट मिळवायला बोर्ड लागतो. ज्याची गच्ची गळत नाही त्याने चुना मारावा आणि गप्प बसावं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफ धोरणच आणलंय, अहमदाबादच्या उष्मा कृती आराखड्यातही वस्त्यांमधली छपरं पांढरी करणं आहे.

यांची गोष्ट वेगळी, कारण कोबा कसाही काढावाच लागणार. तोडफोड, मजुरी, वॉटरप्रूफिंग हा खर्च आहेच. त्या खर्चात बोर्डाची भर तुलनेने थोडी. पाच वर्षांनी बोर्ड घालायचा म्हटलं तर सगळं पुन्हा उकरावं लागेल.

सोनचाफा

एक बाळबोध प्रश्न. पांढऱ्या गच्चीने हिवाळ्यात घर गारठत नाही का? नागपूरला डिसेंबरात चांगलीच थंडी असते.

कडक_उन्हाळा

नुसत्या चुन्याने थोडं गारठतं, हो. पण डिसेंबरात सूर्य दुपारी पंचेचाळीस अंशांवरच असतो, गच्चीला तेव्हा तसंही कमी ऊन मिळतं. आणि नागपूरकराला हिवाळ्यात स्वेटर काढायची हौस असते, उन्हाळ्यात काढण्यासारखं काही उरत नाही. बोर्ड घातला तर दोन्ही ऋतूंत फायदा, रात्री घरातली ऊबही वर निघून जात नाही.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीहून लिहितेय. सासर वर्ध्याचं, त्यामुळे तो मे महिना चांगला ठाऊक आहे.

इकडे जुनं घर सुधारायचं म्हणजे ऊब आत कोंडायची. बाहेरून जाड आवरण, तीन काचांच्या खिडक्या, फटी बुजवणं, मग पंख्याने दाब देऊन घर किती गळतं याची चाचणी. डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं घर) झालं त्याचं सूत्रच ते. इथल्या व्हिडिओंवरून शिकून भारतात कुणी सगळ्या खिडक्या बदलायला निघालं की मला काळजी वाटते. तुमच्याकडे आतल्या-बाहेरच्या तापमानात वर्षभर तीस अंशांचा फरक नसतो. तुम्हाला काच दुहेरी असण्यापेक्षा काचेवर ऊन न पडणं महत्त्वाचं.

इकडची एक गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. इथे बऱ्याच घरांना काचेच्या बाहेरून गुंडाळता येणारी झडप असते, रोलाडेन म्हणतात. उन्हाळ्यात सकाळी खाली ओढली की घर थंड. ऊन काचेतून आत आलं की मग पडदा लावून उपयोग नाही, उष्णता घरात आलेलीच असते. आपल्याकडच्या बांबूच्या चिकाही बाहेरून लावायच्या असतात, आणि आता सगळे त्या शोभेसाठी आतून लावतात.

पोपडे

लाखातली बात. आणि सागवानी खिडक्यांना हात लावू नका. दोन पाखांची खिडकी पूर्ण उघडते, सरकती खिडकी अर्धीच. रात्री वारा घ्यायला आणि कूलरला हवा बाहेर जायला तुम्हाला पूर्ण उघडणारीच हवी. बिजागऱ्यांना तेल, फटींना रबरी पट्टी, मच्छरांसाठी जाळीची वेगळी चौकट. सुताराचं दोन दिवसांचं काम.

थर्मोकोलच्या सीलिंगबद्दल: नको. एकतर ते पेटतं आणि घाण धूर करतं. दुसरं म्हणजे तुमचा स्लॅब गळका आहे, सीलिंगने ओल झाकली जाईल आणि सळई आतल्या आत कुजेल. जुन्या स्लॅबचं पोट उघडं दिसलेलं बरं.

पाचवा_मजला

माझ्यासारख्यांचं काय? सगळ्यात वरचा फ्लॅट, गच्ची सोसायटीची. चुना मारू का विचारलं तर मीटिंगमध्ये विषय "पुढील सभेत".

मीटरमन

@पाचवा_मजला, चुन्याचा खर्च स्वतः देतो असं लेखी द्या, सोबत गच्ची गळत नसल्याचं लिहा. तरी नाही म्हणाले तर आतून जिप्सम बोर्ड आणि वर काचलोकर, पण आधी छत कोरडं असल्याची खात्री. स्वतंत्र धागा काढा, इथे भरकटेल.

कोकणी_कौल

आमचं रत्नागिरीजवळ चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं. वाचून वाटतंय की आपणही बोर्ड घालावा काय?

पोपडे

तुमचा आजार वेगळा, औषध वेगळं. तुमच्याकडे हवा ओली, त्यामुळे वारा खेळता राहणं पहिलं. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते हीच त्या छपराची करामत, ती बंद करू नका. फारच तापत असेल तर कौलांखाली, रिपांपासून अंतर ठेवून, चमकत्या ॲल्युमिनियमचा परावर्तक कागद ताणा. वरून हवा जायला जागा ठेवा. आणि कूलर घेऊ नका, ओल्या हवेत तो नुसता घाम आणतो.

पांढरी_माती

सोलापूरकडचा आहे. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात मे महिन्यात पंखा न लावता दुपारची झोप व्हायची. लाकडी खण, वर चिपा, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. स्लॅब टाकला आणि घराचा तंदूर झाला. नव्याने माळवद नाही का करता येणार?

पोपडे

तुमच्या आठवणीशी सहमत, पण पन्नास वर्षांच्या स्लॅबवर किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतींवर तेवढं ओझं कुणीही चढवू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यात दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरची मातीची जड छपरं हे मोठं कारण होतं. जाड मातीने जे व्हायचं ते आता दोन इंची हलक्या बोर्डाने होतं. म्हणून तर एवढी बोर्डाची टकळी लावलीय.

तर्रीपोहे

सगळं टिपून घेतोय. आता शेड आणि सोलरचं सांगा. मामेभाऊ रोज फोन करतोय.

मीटरमन

शेडची सावली खरंच उपयोगी पडते, जर चारी बाजू मोकळ्या असतील आणि पत्रा पांढरा असेल. बाजू बंद केल्या की खाली गरम हवा कोंडते. पण परवानगीचा प्रश्न येतो, उन्हाळी वादळात पत्रे उडतात, आणि सांगाडा रोवायला स्लॅबला भोकं पडतात. सावलीच हवी तर सोलरची घ्या, ती सावली वीजही देते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये, ३ किलोवॉट आणि त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) महावितरणचा.

पण क्रम महत्त्वाचा. तीन मुद्दे.

आधी पॅनेल बसवले आणि मग गच्ची गळली तर सगळा सांगाडा उतरवावा लागेल. त्यामुळे वॉटरप्रूफिंग करतानाच पॅनेलच्या पायांसाठी काँक्रीटचे छोटे ओटे बांधून घ्या आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्यावर चढवा. पॅनेल दोन वर्षांनी आले तरी चालतील.

दुसरं, तुमचा कडुनिंब दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य खाली आला की त्याची सावली गच्चीवर किती लांब येते ते डिसेंबरात बघा, मग जागा ठरवा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी जोडलेल्या रांगेचं उत्पादन घसरतं. झाड तोडायचा विचार डोक्यात आणू नका. १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते ते सोडाच, तो निंब फुकटचा कूलर आहे.

तिसरं, घराची भूक आधी कमी करा, मग तिच्या मापाचं सोलर घ्या. आज दोन एसी धरून ३ किलोवॉट काढाल, उद्या २ मध्ये भागेल. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून युनिट लिहा इथे. रुपये नकोत, युनिट.

तर्रीपोहे

आईने सगळी बिलं पिशवीत जपून ठेवलीयत. हिवाळ्यात ८०-९०, एप्रिल ते जून ३०० च्या वर, पावसाळ्यात १५०. कूलर दोन, पंखे तीन, फ्रीज एकोणीसशे नव्वदच्या दशकातला, अर्ध्या एचपीची मोटर, न्हाणीत गीझर.

मीटरमन

बघा, तीनशेच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. शेवटची युनिटं सगळ्यात महाग, म्हणून ती आधी कापायची.

पंखे: जुना पंखा ७०-८० वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. तीन पंखे दिवसाला पंधरा तास धरले तर रोजची दोन युनिटं वाचतात, महिन्याला साठ. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचं झालंय, दुकानात तारे बघून घ्या. फक्त हे लक्षात असू द्या की तापलेल्या स्लॅबखाली कोणताही पंखा गरम हवाच खाली ढकलतो. गच्चीनंतर पंखे.

फ्रीज: नव्वदच्या दशकातला आहे म्हणजे गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) सैल असणार. दारात नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर गॅस्केट तरी बदला. नवा घेणार असाल तर जुना "जास्तीच्या पाण्यासाठी" माजघरात ठेवू नका. आमच्याकडे हाच प्रकार घराघरात आहे.

गीझर: सौर बंब शंभर लिटरचा दोन माणसांना पुरून उरतो. पण नागपुरात गीझर तीन महिनेच लागतो, त्यामुळे घाई नको.

गल्लीतला_काका

आता कूलरचं मी सांगतो, तो आपला प्रांत. कूलर पश्चिमेच्या खिडकीत लावला असंल तर आधी तिथून हलवा बाप्पा. तापलेली हवा ओढून राहिला तो. उत्तरेच्या खिडकीत, सावलीत. आणि समोरची खिडकी उघडी पाहिजे. लोक घर गच्च बंद करतात न् मग म्हणतात चिकचिक होते. हवा येईल तेवढी गेली पाहिजे. ताट्या दर वर्षी बदलायच्या, वाळा असंल तर उत्तम. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून घासायचं, नाहीतर डेंग्यूचे मच्छर.

मीटरमन

काकांच्या म्हणण्याला आकडा देतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर २३ च्या आसपास दिसतं. चांगला कूलर त्या दिशेने पाऊण अंतर कापतो, म्हणजे जाळीतून २८ अंशांची हवा येते, दीड-दोनशे वॉटमध्ये. एसीला हे जमत नाही. पण मृग लागला की कूलरचा खेळ संपला. तेव्हाच्या उकाड्यासाठी आणि आईंच्या बीपीसाठी एका खोलीत एक टनाचा पाच तारे एसी ठेवा, २६-२७ वर, पंखा चालू. कूलर आणि एसी एका खोलीत एकाच वेळी कधीही नको, एक दमट करतो आणि दुसरा ते पाणी काढत बसतो.

थंडा_थंडा

शेवटी एसी आलाच की नाही! 😄

मीटरमन

आला, पण अर्ध्या टनाने लहान आणि शेवटच्या रांगेत.

ऱ्हाइनकाठी

पश्चिमेच्या ओसरीबद्दल कुणी बोललं नाही. कवेलूची ओसरी पाडून तिथे पोर्च किंवा दुकानाचा गाळा काढायचा मोह होतो लोकांना. ती ओसरी म्हणजे तुमच्या पश्चिम भिंतीची छत्री आहे. तिरप्या उन्हाला आडवा छज्जा पुरत नाही, सूर्य त्याच्याखालून येतो. ओसरीच्या कडेला चिका सोडा, किंवा तारा ताणून मधुमालती चढवा.

सोनचाफा

मधुमालतीला +१, पण मुळाशी पाणी मुरून पायाला ओल लागणार नाही इतकी लांब लावा. आणि दर पावसाळ्यानंतर छाटणी, नाहीतर कवेलू उचलते.

तर्रीपोहे

ठरलं ते लिहितो. तपासणी आणि स्लॅबची दुरुस्ती, कोबा काढणं, वॉटरप्रूफिंग, बोर्ड, पांढरं मोझॅक, सोलरचे ओटे. ओसरीला चिका. खिडक्यांना सुतार. एक कूलर उत्तरेला. पंखे तीन. सोलर पुढच्या वर्षी, एसी त्यानंतर बघू. मामेभावाला लिंक पाठवलीय.

तर्रीपोहे

अपडेट. मध्ये बरेच दिवस गेले, माफी.

कोपऱ्यातला गिलावा काढला तर दोन सळया चांगल्याच फुगलेल्या निघाल्या. पोपडे, तुमचं ऐकलं नसतं तर वर मोझॅक आणि खाली पडझड झाली असती. दुरुस्तीत अपेक्षेपेक्षा जास्त पैसे गेले, म्हणून पंखे दोनच घेतले. ठेकेदार बोर्डाऐवजी "त्याच किमतीत जाड कोबा" करून देतो म्हणत होता, त्याला मीटरमन यांचा हिशेब वाचून दाखवला. पाणी कोंडायच्या परीक्षेलाही तो नाखूश होता. बाबा खुर्ची टाकून बसले आणि करून घेतली.

काम मार्चमध्ये संपलं. यंदा एप्रिलअखेर, संध्याकाळी पाचला, छताच्या पोटाला बंदुकीसारखा थर्मामीटर धरला तर ३५ दाखवतो. गेल्या वर्षी त्याच सुमारास ४४ होतं, तेव्हाच मोजून ठेवलं होतं. रात्री नऊनंतर खिडक्या सताड उघडल्या की दहापर्यंत झोपण्याजोगं होतं. सकाळी आठला सगळं बंद, हे आईच्या अंगवळणी आधीपासून होतंच. एप्रिलचं बिल २१० युनिट.

पोपडे

मस्त. पहिल्या पावसात सांध्यांवर लक्ष ठेवा आणि पन्हाळाच्या तोंडाला जाळी बसवा, निंबाची पानं अडकून पाणी तुंबेल.

कडक_उन्हाळा

मोझॅक धुता का? धुळीने पांढरेपणा उतरतो.

तर्रीपोहे

महिन्यातून एकदा खराट्याने झाडतो, पाणी नाही मारत. पावसाळ्यानंतर शेवाळ घासावं लागेल असं मिस्त्री म्हणालाय.

पाचवा_मजला

चुन्याला सोसायटीची परवानगी मिळाली! काका, फेविकॉल किती टाकायचा?

गल्लीतला_काका

दहा किलो चुन्याला अर्धा किलो पुरे. चुना आदल्या रात्री भिजवा, गाळून घ्या, दूध-पाण्यासारखा पातळ पहिला हात, दुसरा जरा घट्ट. डोळ्याला चष्मा लावा न् भर उन्हात मारू नका, तडकते.